भावोजींकडून मान मागून घ्या

या वेळचं पत्र एका आईचं आहे. लांब आहे, म्हणून थोडं आवरून देते.

"ताई, मी फोंडा तालुक्यात राहते, वय ५३. मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. दोन मुली, मुलगा नाही. थोरलीचं लग्न ठरलंय. मुलगा डिचोलीचा, माणसं चांगली आहेत. व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, झाली की मार्गशीर्षात मुहूर्त, लग्न देवळाच्या सभागृहात. रजिस्ट्रारकडे लग्नाच्या इराद्याची पहिली सही झाली आहे. थोरले दीर आणि जाऊबाई शेजारीच राहतात. मिस्टर गेल्यापासून त्यांचा आधार आहे, ते नाकारणार नाही. गेल्या आठवड्यात भावोजींनी परस्पर सांगून टाकलं की कन्यादानाला ते दोघं बसतील. मुलगी म्हणाली, आई बसेल. भावोजी म्हणाले, विधवेनं कन्यादान करायचं शास्त्रात नाही, आपल्या घरात झालेलं नाही, वाटल्यास देवीचा कौल घेऊ. जाऊबाईंनी तर चुड्याला आणि हळदीलाही मी मागेच राहावं असं सुचवलं. मुलगी चिडली आहे. म्हणते, मला मांडवच नको, दुसरी सही करते आणि मोकळी होते. गंमत म्हणजे चार वर्षं आमच्या अंगणात तुळशीचं लग्न मीच लावते, धाकटी अंतरपाट धरते, त्याला कोणी काही म्हटलं नाही. पण खरं सांगू? झोप मलाच लागत नाही. माझ्या हातून दान झालं आणि पुढे पोरीचं काही बरंवाईट झालं तर?"

वहिनी, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून मध्येच टाकून दिलंय. तुळशीचं. वृंदावन रंगवायचं, ऊस उभा करायचा, चिंचा-आवळ्यांच्या डहाळ्या खोचायच्या, धाकटीच्या हातात पंचा देऊन अंतरपाट धरायला लावायचं, मंगलाष्टकं म्हणायची आणि 'तदेव लग्नं' झालं की अक्षता टाकायच्या. हे लग्न चार वर्षं कोण लावतंय? तुम्ही. तुळस मुलगी, तुम्ही तिच्या माहेरच्या, समोर साक्षात विष्णू जावई. भावोजी तेव्हा बाजूला उभे असतील आणि नंतर गूळ-खोबरं घातलेले फोव खाऊन, उसाचं कांडं हातात घेऊन घरी गेले असतील. विष्णूला जी सासू चालते ती डिचोलीच्या जावयाला का चालू नये, हे मात्र भावोजींना विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. मनात ठेवा. रात्री झोप येत नाही तेव्हा ते तुमच्याच उपयोगी पडेल.

आता शास्त्राचं. शास्त्रात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात विवाहाच्या प्रकरणात एक श्लोक येतो:

पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा ।
कन्याप्रदः पूर्वनाशे प्रकृतिस्थः परः परः ॥

म्हणजे मुलीचं दान कोणी करायचं, तर बाप, आजा, भाऊ, कुळातला माणूस आणि आई. आधीचा नसला तर पुढचा, फक्त तो शुद्धीवरचा असावा. शेवटची अट मला फार आवडते. मांडवात बसलेल्या कित्येक काका-मामांना ती लावून बघायला हवी, पण ते असो.

यातला 'पूर्वनाशे' हा शब्द दोनदा वाचा. आधीचे गेल्यावर. आधीच्यांत पहिलं नाव बापाचं. म्हणजे या यादीत आईवर दान करायची पाळी येते तेव्हा तिचा नवरा गेलेलाच असतो. याज्ञवल्क्य ज्या 'जननी'ला कन्यादानाला बसवतो ती विधवाच आहे, दुसरी कोणी असूच शकत नाही. तिनं बसणं अशुभ, असं त्याला वाटत असतं तर तिचं नाव त्यानं यादीत घातलंच नसतं. भावोजींचं 'विधवेनं करायचं शास्त्रात नाही' हे वाक्य एवढ्यावरच संपतं.

पण मी तुम्हाला अर्धवट सांगणार नाही. यादीत आईच्या आधी 'सकुल्य' आहे. कुळातला माणूस. ते तुमचे भावोजी. उद्या त्यांनी हाच श्लोक कुणाकडून वाचून घेतला, तर ते बोट ठेवून म्हणतील, वहिनी, माझा नंबर आधी. आणि क्रमानं बघितलं तर ते बरोबर असतील. 'धर्मसिंधु' आपल्या भटमामांच्या घरी कपाटात नक्की सापडेल. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी इ.स. १७९०च्या सुमारास लिहिलेला हा ग्रंथ आजही पुरोहितांच्या रोजच्या वापरात आहे. त्यातही आई शेवटी येते. मात्र आईनं दान करायचं झालं तर ते कसं, हेही तिथे दिलंय: कार्याआधी पितरांसाठी करायचं नांदीश्राद्ध तिचंच, मुख्य संकल्प तिनं स्वतः सोडायचा आणि बाकीचं ब्राह्मणाकडून करवून घ्यायचं. सोय करून ठेवलेली आहे, म्हणजे तशी वेळ येत असणारच. तुमच्या भटमामांना वेगळं काही शोधायला लागणार नाही. भांडणाच्या सुरात नको, पण त्यांना आधी एकट्यानं जाऊन भेटा आणि हे विचारा. बहुतेक भट या बाबतीत घरच्या माणसांपेक्षा मोकळे असतात. त्यांना मुहूर्त गाठायचा असतो, पुढचं लग्न असतं, कोण बसतंय याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं.

तर स्थिती अशी आहे. विधवा म्हणून तुम्हाला अडवायचा आधार नाही. थोरला दीर म्हणून त्यांचा मान मात्र खरा आहे. हे दोन धागे भावोजींनी एकात पिळलेत आणि तुमच्या मुलीनं तो पीळ तसाच अंगावर घेतला. तुम्ही ते सुटे करा. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचा मान त्यांच्याकडून मागून घ्या.

म्हणजे कसं, ते सांगते. एका संध्याकाळी, मुलगी घरात नसताना, स्वतः त्यांच्याकडे जा. जाऊबाई समोर असू देत. म्हणा, "भावोजी, कन्यादानाचा मान तुमचा आहे, मला माहीत आहे. हे असते तर त्यांनी केलं असतं. ते नाहीत, म्हणून तुमच्याकडे मागायला आले. तो मान तुम्ही मला द्या." यात 'शास्त्र' शब्द नाही, 'हक्क' नाही, 'आजकाल' तर मुळीच नाही. 'आजकाल' म्हटलं की साठीच्या पुढचा गोंयकार माणूस कान बंद करतो. आणि मग लगेच, त्याच बसण्यात, त्यांना काय द्यायचं ते सांगा. कारण हातातलं काढून घेताना दुसरं काही हातात ठेवावं लागतं.

सीमांतपूजन त्यांना द्या. आता ते सभागृहाच्या दारातच दहा मिनिटांत उरकतात, तरी नवऱ्याचे पाय धुणं, त्याला ओवाळणं, विहिणींची ओटी भरणं हे सगळ्या गावासमोर होतं आणि फोटोही तिथेच जास्त निघतात. भावोजी आणि जाऊबाई तिथे जोडीनं उभे राहू देत. त्यांना मुलगा आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असला तर लाह्यांचा मान त्याचा. लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालणाऱ्याला गृह्यसूत्रकार आश्वलायनानं 'भ्राता भ्रातृस्थानो वा' म्हटलंय, भाऊ किंवा भावाच्या जागी असलेला. सख्खा भाऊच हवा असं त्यात नाही. कानपिळीही त्याचीच. नवऱ्या मुलाचा कान पिळायला मिळणार म्हटल्यावर तो पोरगा आईबापाशी तुमची बाजू स्वतःच मांडेल.

पत्रिका छापायला गेली नसेल तर तिचंही बघून घ्या. आपण गोव्यातले लोक घरात कोंकणी बोलतो, पण पत्रिका मराठीतच काढतो, आणि त्या चार ओळींसाठी घरोघरी दहा दिवस घोळ चालतो. तुमची पत्रिका अशी असू दे: वर देवीचं नाव, खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून माझी ज्येष्ठ कन्या', म्हणजे तुमची, आणि मग 'कै.' लावून त्यांचं नाव. निमंत्रक म्हणून तुमचं नाव पहिलं, त्याखाली भावोजी आणि जाऊबाईंचं, त्याच टायपात. त्याच टायपात हे लक्षात ठेवा. मी पत्रिकेतल्या टायपाच्या आकारावरून दोन भावांचं बोलणं तुटलेलं पाहिलंय.

विहीणबाईंबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. डिचोलीला एक फेरी मारा किंवा निदान फोन करा आणि सरळ विचारा, मी कन्यादानाला बसले तर तुमच्याकडे चालेल ना? माझा अंदाज आहे त्या 'त्यात काय विचारायचं' असं म्हणतील. आणि वरपक्षाला चालतंय हे एकदा भावोजींच्या कानावर गेलं की अर्धं काम झालं. आपल्याकडे मुलीकडच्या लोकांना शास्त्रापेक्षा वरपक्ष मोठा वाटतो. चांगलं नाही, पण आहे.

कौलाचं मात्र ऐका. मांडवाच्या आधी देवीपुढे नारळ-विडा ठेवायचा आणि कार्य निर्विघ्न होऊ दे म्हणून प्रसाद लावायचा, ही आपल्या घरांची रीत आहे आणि ती जरूर पाळा. मीही आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाआधी देवळात तासभर उकिडवी बसलेय. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या असतात, भट गाऱ्हाणं घालत असतात आणि आपला डोळा उजवीकडच्या पाकळीवरून हलत नाही. उजवी पडली की होकार. ती पडेपर्यंत शेजारी कोण येऊन बसलं हेही कळत नाही. पण देवीला 'या आईचा हात चालेल का' असा प्रश्न घालू देऊ नका. भावोजींनी विषय काढला तर म्हणा, देवीकडे लग्नाचा कौल मागू, माझा नको. पाकळी चुकून डावीकडची पडली, तर तो डाग तुमच्यावर जन्मभर राहील, आणि तो पाकळीनं लावलेला नसेल, प्रश्न विचारणाऱ्यानं लावलेला असेल. आपल्या या देव्या सोळाव्या शतकात साष्टीतून रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे तुमच्या फोंड्याकडे, आल्या. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याहून. स्वतःचं घर सुटलेल्या बाईला दुसऱ्या बाईच्या हाताबद्दल विचारायचं, हे मला बरं वाटत नाही.

चुड्याचं सोपं आहे. चुडा मामाच्या घरचा. म्हणजे तुमच्या भावाचा, तुमच्या माहेरचा. कासाराला बोलावणार तुमचा भाऊ, पाट मांडणार तुमची वहिनी, नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या भरून झाल्यावर घरच्या बायकांचे हात पुढे करायला सांगणार तीच. जाऊबाई तिथे पाहुण्या. कोणी पुढे राहायचं, कोणी मागे, हे ठरवायचा अधिकार त्यांना त्या घरात नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून त्यांनी फक्त 'सुचवलं'. भावाला आधी फोन करून ठेवा. कासार तुमच्याकडे वळून "आणि तुम्हाला?" असं विचारेल. विचारेलच, त्यांना सवय असते. तेव्हा हात पुढे करायचा की नाही, हे आधी घरी ठरवून जा. दोन्ही चालेल. पण तिथे बायकांच्या तोंडाकडे बघून ठरवू नका. हेरवाडचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या त्या गावच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. महाराष्ट्र सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांनाही तसंच करायला सांगितलं. ठरावानं मनं बदलतात असं मी म्हणत नाही. पण एक अख्खं गाव हात वर करून हे म्हणू शकलं, तर एका कासारासमोर तुमचा एक हात पुढे व्हायला हरकत नसावी.

हळदीला तुम्ही पहिल्यांदा लावा किंवा शेवटी, पण लावा. हळदीवरून आठवलं. गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, इ.स. १७३६ मध्ये ख्रिस्ती झालेल्यांसाठी एक फर्मान काढलं. लग्नात काय काय करायचं नाही याची त्यात यादी होती: वाटलेली हळद लावायची नाही, खोबरेल चोपडायचं नाही, पान-सुपारी वाटायची नाही, ओव्या म्हणायच्या नाहीत. आबोलीच्या पाल्याचंसुद्धा नाव त्यात होतं. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात परवा लग्न झालं, तर आदल्या दिवशी रोस होताच. नवरीला पाटावर बसवून नारळाचा रस अंगाला चोळला, बायकांनी गाणी म्हटली आणि आम्हालाही वाटीत बोटं बुडवायला बोलावलं. दंडाच्या धाकानं ज्यांची वाटी सुटली नाही, त्याच मातीतल्या आपण एका जावेच्या सुचवण्यानं मागे सरायचं म्हणजे काय!

आता तुमच्या झोपेकडे येते, कारण बाकीचं सगळं तुम्ही निभावून न्याल असं पत्रावरून दिसतंय.

माझ्या लग्नात माझी आई स्वैपाकघराच्या दारात उभी होती. १९७८ साल. वडील मी दहा वर्षांची असताना गेले. काका-काकूंनी कन्यादान केलं, प्रेमानं केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आईनं पहाटे उठून आबोलीच्या फाती केल्या, खतखत्याला लागणारं तेफळ निवडलं, भटांना दूध-केळी दिली. अंतरपाट धरला तेव्हा मी मान वळवून पाहिलं, तर माटवाच्या खांबाआड तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. चेहरा दिसला नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला आज खटकतं. तिलाही तुमच्यासारखीच भीती होती, हे तिनं मला खूप वर्षांनी सांगितलं. माझ्या नजरेनं तुला काही होऊ नये म्हणून मी खांबामागे राहिले, म्हणाली.

आणि झालं काय? माझ्या संसारात जे व्हायचं ते झालंच. पहिलं मूल राहिलं नाही. नवऱ्याची नोकरी दोनदा गेली. आई खांबाआड उभी होती तरी झालं. ती पुढे बसली असती तर आम्ही सगळ्यांनी तेच तिच्या नावावर घातलं असतं, एवढाच काय तो फरक. वहिनी, तुमच्या मुलीच्या संसारातही कधी ना कधी काही बिनसेल. कुणाचं बिनसत नाही? त्या दिवशी तुम्हाला कन्यादान आठवेल, मला माहीत आहे. तेव्हा मार्गशीर्षातल्या त्या सकाळी तिच्या हातावर तुमचा हात होता एवढंच आठवा. त्याच्यापुढे ओढू नका.

दान या शब्दाबद्दल तुमच्या मुलीचंही काही म्हणणं असेल, हल्लीच्या मुलींचं असतं. मुलगी काय वस्तू आहे? मलाही तो शब्द बोचतो. पण त्या विधीत माझा जीव अडकलाय तो पुढच्या वाक्यात. देणारा म्हणतो, धर्मात, अर्थात आणि कामात हिला सोडून वागू नकोस, आणि नवरा मुलगा म्हणतो, 'नातिचरामि', नाही वागणार. मुलीच्या बाजूचं माणूस जावयाकडून सगळ्यांसमोर शब्द घेतं, असा हा विधी मला वाटतो. तो शब्द तुमच्यापेक्षा कोणी घ्यावा? भटमाम हे भरभर म्हणून जातात. त्यांना आधी सांगून ठेवा की इथे थांबा, मराठीत सांगा आणि मुलाला मोठ्यानं म्हणू द्या. सप्तपदीतही सातव्या पावलाला 'सखा सप्तपदी भव' येतं. तिथेही थांबायला सांगा. बाकी मंगलाष्टकं किती लांबवायची ते हौशी आत्यांवर सोडा. त्यांना कोणी आवरू शकत नाही.

मुलीच्या धमकीबद्दल थोडं. "दुसरी सही करते आणि मोकळी होते" हे ती रागानं म्हणाली, पण गोव्यात ते शब्दशः खरं आहे. आपल्याकडे कायद्याचं लग्न रजिस्ट्रारच्या वहीत होतं. पहिल्या सहीनं इरादा सांगायचा, मग नोटीस लागते, आणि दोन साक्षीदारांसमोर दुसरी सही झाली की ती त्याची बायको. होम झाला नाही तरी. म्हणून ती तारीख भावोजींच्या मुद्द्यात गुंतवू नका. मुहूर्ताच्या आधी निवांतपणे उरकून घ्या. व्हडल्या दिवाळीनंतर सगळ्यांचीच लग्नं असतात, कार्यालयात गर्दी असते. आणि दोघांनी मालमत्तेचा काही वेगळा करार करायचा ठरवलं असेल तर तो लग्नाआधीच रीतसर नोंदवावा लागतो. नंतर सुचून उपयोग नाही. करार नसला तर जे त्याचं ते अर्धं तिचं, जे तिचं ते अर्धं त्याचं.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा आपल्याकडे १८७० मध्ये लागू झाला, आणि तेव्हापासून गोव्यात नवऱ्याला घर-जमीन विकायची तर बायकोची सही लागते. तुमचंही लग्न याच कायद्यात झालं. वेगळा करार केला नसेल तर मिस्टर असतानाही त्या घराची अर्धी मालकीण तुम्हीच होतात. मिस्टर गेल्यावर कागदपत्रं करताना भावोजींनी स्वतः तुम्हाला बाजूला बसवून 'वहिनी, हांगा सही करा' म्हटलं असेल. तेव्हा तुमचा हात अशुभ नव्हता. हेही त्यांना ऐकवू नका. पण बोलणं फारच ताणलं आणि ते "घरचा कर्ता कोण" असं म्हणाले, तर शांतपणे एवढंच म्हणा, "कागदावर मी सही केली ना, भावोजी? ही तशीच एक." आणि गप्प बसा. चहा आला तर प्या.

साडीचं विचारलंत. काठाची नेसा, रंग कोणताही. डोक्यात आबोलीची फाती माळा, शेवंती नको, ती कन्यादानाच्या वेळी खाली वाकलं की पाकळ्या गाळते.

आणि धाकटीला काम द्या. बाप दान करतो तेव्हा आई हातांवर पाणी सोडते. तुम्ही दान करणार म्हटल्यावर पाणी सोडायला हात मोकळा हवा, तो तिचा असू दे. भटमामांना आधी विचारून ठेवा. खाली काशाचं पात्र, त्यावर जावयाची ओंजळ, त्यात मुलीचा हात, त्यावर तुमचा, मध्ये तुळशीचं पान. देवळाचं पात्र जड असतं आणि धरणाऱ्याची मनगटं भरून येतात, घरी असलं तर घरचं न्या. धाकटीला दोनचार दिवस आधी अंगणात उभी करून धार बारीक सोडायची सवय करा. पहिल्यांदा धरणारं माणूस घाईनं ओततं, मंत्र अर्धे राहतात आणि तांब्या रिकामा होतो. भरलेला दुसरा तांब्या तिच्या पायाशी ठेवून द्या.